चोरटा श्वास

दुपारी तीनला ठाण्यातला नौपाडा झोपलेला असतो. अपवाद ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याचा. कुठल्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये समूहगीताची तालीम चालू असते आणि पंचवीस बायका, चार पुरुष मिळून ओळ संपली रे संपली की एकदम श्वास घेतात. तो श्वास रस्त्यापलीकडे ऐकू येतो. गाणं तिथे तुटतं, ढोलकी एकटीच पुढे निघून जाते, मग सगळे धावत जाऊन तिला गाठतात. हे कानावर पडलं की हमखास व्हिक्टर परंजोती आठवतात.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्राशी आणि तिथल्या पाश्चात्त्य संगीताशी बांधलेला हा माणूस. प्रक्षेपण सुरू होताना वाजणारी ती ओळखीची धून ज्यांनी रचली, ते वॉल्टर कॉफमन याच केंद्रात पाश्चात्त्य संगीत बघत. परंजोतींनी हौशी गायक जमवून एक गायकवृंद उभा केला. त्याला आजही परंजोती अकॅडमी कोरस म्हणूनच ओळखतात. त्यांची 'द्रविडियन डिथिरॅम्ब' ही रचना परदेशातले वृंद अजून गातात. तीत अर्थाचा शब्द नाही, आहेत ती नुसती अक्षरं, आपल्या तराण्यासारखी.

रेडिओवरचा निवेदक आणि वृंद बसवणारा एकच असला, की लोक 'काय आवाज होता हो!' एवढंच लक्षात ठेवतात. पण या दोन्ही कामांत आवाजापेक्षा श्वासाला किंमत जास्त. माइकसमोर बोलणाऱ्याचा श्वास ऐकू आला की तो कच्चा. म्हणून जाणता निवेदक माइकपासून वीतभर अंतर ठेवतो, तोंड किंचित तिरकं धरतो म्हणजे 'फ' आणि 'भ' चा फटका बसत नाही, आणि नाकातून भरलेला श्वास वाक्याच्या शेवटाऐवजी अर्थाच्या सांध्यावर घेतो. कागदांना पिन लावत नाही, पान उलटत नाही, बाजूला सरकवतो. पान उलटल्याचा आवाज ऐकणाऱ्याला भिंत कोसळल्यासारखा येतो.

वृंदात हेच उलटं करायचं. तिथे सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा नसतोच. शेजारची घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, ओळीच्या टोकाला तर मुळीच नाही. लांब स्वराच्या मध्येच हळूच गप्प व्हायचं, श्वास भरायचा आणि आधीपेक्षा बारीक आवाजात परत शिरायचं. हा चोरटा श्वास तीस जणांना जमला की स्वर मिनिटभर अखंड राहतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, या लोकांना फुप्फुसं आहेत की भाते? जमत नाही याचं कारण साधं आहे. ओळ आपण पूर्ण म्हटलीच पाहिजे, हा प्रत्येकाचा हट्ट. तो मोडायलाच काही तालमी जातात.

मग 'स'. तीस जण तीस क्षणांना 'स' म्हणतात आणि हॉलमध्ये प्रेशर कुकर लावल्यागत होतं. यावर जुनी युक्ती अशी, की 'स' आणि 'श' दोघींनीच म्हणायचे, बाकीच्यांनी ते अक्षर गिळून थेट पुढच्या स्वरावर यायचं. प्रेक्षकांतल्या कुणालाही पत्ता लागत नाही. व्यंजन मात्रेच्या किंचित आधी टाकायचं आणि स्वर मात्रेवर पडू द्यायचा. शेवटचा 'त' किंवा 'म' बंद करायचा तो बसवणाऱ्याची मूठ मिटेल तेव्हाच. आपल्याकडे त्यात च आणि ज यांचे दोन दोन उच्चार. 'चांदणं' आणि 'चंद्र' यांतले च वेगळे आणि वृंदातल्या चारच जणांनी घोळ घातला तरी शब्द फाटतो. इथे निवेदकाचा कान कामाला येतो. नुसत्या गायकाला हे खटकेलच असं नाही.

पट्टीचं, म्हणजे षड्ज (सा) पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा याचं, भांडण तर कायमचं. पुरुषांची काळी एकच्या आसपास, बायकांची काळी चार-पाच. काळी चार धरली तर पुरुषांचा षड्ज एकतर पाताळात, नाहीतर टाळूला. काळी एक धरली तर अंतऱ्यात तार गंधाराला बायका किंचाळतात. गाणं वर कुठवर जातं ते आधी बघावं, तो स्वर बायकांना सुखाने लागेल असा षड्ज ठरवावा आणि पुरुषांना न झेपणाऱ्या दोन ओळी त्यांनी खुशाल सोडाव्यात. सगळ्यांनी सगळं गायलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

साथ काढून घेतली की तीन कडव्यांत गट अर्धा स्वर उतरतो. एकच स्वर पुन्हा पुन्हा आला की उतरतो, अवरोहात उतरतो, हॉल कोंदट असला की आणखी उतरतो. म्हणून तालीम तंबोऱ्यावर घ्यावी आणि कडवं संपलं की षड्ज तपासावा. पेटीवर घेतली तर पेटी सगळं झाकते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली, ती तीसेक वर्षं. कारण वेगळं होतं आणि ती बंदी काही योग्य नव्हती, पण समूहगीताच्या तालमीपुरती मी ती आनंदाने परत लावीन.

ध्वनिमुद्रणात जुनी मंडळी एका माइकवर भागवत. दोन्ही बाजूंनी ऐकणारा रिबन माइक मध्ये उभा करायचा, वृंद समोरासमोर दोन अर्धवर्तुळांत. मोठे आवाज मागे, बारीक पुढे, तबला चांगला लांब. तोल आवाज कमीजास्त करायच्या फेडरवर साधत नसे, लोकांना हात धरून मागेपुढे सरकवून साधावा लागे. खड्या आवाजाच्या बाईंना 'तुम्ही जरा मागच्या रांगेत या' हे दुखावल्याशिवाय सांगता येणं हाही या विद्येचाच भाग, आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही.

ठाण्यात गायची हौस कमी नाही. गडकरी रंगायतनला, घाणेकर नाट्यगृहाला हॉल मिळेना इतके कार्यक्रम. पण ती हौस हल्ली कराओकेकडे वळली आहे. एका संध्याकाळी चाळीस जण आणि चाळिसांच्या चाळीस जणांना मधोमध उभं राहायचंय. त्यात गैर काही नाही. फक्त तिथे दुसऱ्याचं ऐकायची गरज पडत नाही. ऐकतात तेही आपला नंबर कधी लागतो तेवढ्यापुरतं.

परंजोती १९६७ मध्ये गेले. त्यांचा वृंद कुमी वाडियांनी हाती घेतला आणि पुढे कित्येक दशकं चालवला, देशाबाहेरही नेला. असं क्वचित होतं. बसवणारा गेला की गट विस्कटतो, कारण पट्टी, खुणा, कुणी कुठे उभं राहायचं, 'स' कुणी म्हणायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. दुसऱ्या वर्षापासूनच निम्म्या तालमी दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावाव्यात आणि वह्यांत श्वासाच्या खुणा पेन्सिलने करून ठेवाव्यात. बहुतेक जण करत नाहीत. मग सहा महिन्यांत त्याच हॉलमध्ये त्याच वेळेला कराओके लागतं.