मोजणीचा दिवस, डकवायचा दिवस

स्नेहसंमेलनाच्या आठवणी सगळ्यांकडे असतात. हायस्कूलच्या ग्रंथालयातले मेळावे मात्र ज्यांचे हात खळीने चिकट झाले आणि नाकात धूळ गेली, त्यांनाच आठवतात. वर्षाला असे पाच दिवस यायचे: ग्रंथप्रदर्शन, पाठ्यपुस्तकांची अदलाबदल, दुरुस्तीचा दिवस, जुन्या फोटोंची संध्याकाळ आणि वर्षअखेरची मोजणी.

प्रदर्शन सर्वांत दिखाऊ आणि खरं सांगायचं तर त्यातून हाती सर्वांत कमी लागायचं. युनेस्कोने 1995 मध्ये 23 एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन ठरवला, प्रदर्शन शक्यतो तेव्हाच. परीक्षा किंवा सुट्टी आडवी आली की प्रदर्शन ऑक्टोबरवर जायचं; तो आंतरराष्ट्रीय शालेय ग्रंथालय महिना. नवखी मंडळी एका टेबलावर साठ-सत्तर पुस्तकं रचायची. डेमी आकाराचं पुस्तक साधारण 14 सेंटिमीटर रुंद. सहा फुटी टेबलावर मुखपृष्ठ दिसेल अशी एका ओळीत बारा-तेरा बसतात, दोन ओळींत पंचवीस. त्यापुढे नुसता ढीग. त्याहून मोठी चूक म्हणजे ‘प्रदर्शन संपल्यावर मिळेल’ ही पाटी. सातवीतलं पोर टेबलापाशी उभ्याउभ्या वीस पानं वाचतं, त्याला चार दिवसांनी ये म्हटलं की ते येत नाही. जाणकार ग्रंथपाल पुस्तक तिथल्या तिथे नावावर टाकायचे, रिकाम्या जागी दुसरं ठेवायचे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या 1931 मधल्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे सूत्र असं टेबलाशीच खरं होतं.

अदलाबदलीचा दिवस शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात. नियम सोपा: जितकी पुस्तकं आणाल तितकी टोकनं, जितकी टोकनं तितकी पुस्तकं. पहिल्या वर्षी हमखास घोटाळा होतो. ज्यांच्याकडे सगळा संच आहे ते पहिल्या दहा मिनिटांत कोरी-करकरीत पुस्तकं उचलतात आणि ज्यांच्याकडे द्यायलाच काही नाही ते रिकाम्या हाताने परततात. म्हणून पुढे ग्रंथालय स्वतःकडची थोडी टोकनं आधीच वर्गशिक्षकांकडे देऊन ठेवू लागलं, कुणाला दिली याचा गाजावाजा न करता. दुसरी अडचण आवृत्तीची. अभ्यासक्रम बदललेल्या वर्षी जुनं पुस्तक आत आलं की ते नेणारा वर्षभर चुकीच्या पानावर असतो. दारातच एक जण फक्त आवृत्तीचं साल बघायला बसवायचा. खोडरबरांचं एक टेबलही लागायचं, कारण पेन्सिलीने सोडवलेली गणितं पुसल्याशिवाय गणिताचं पुस्तक कुणी घेत नाही. विद्यार्थ्यांना या दिवसाइतका थेट उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नसेल.

दुरुस्तीचा दिवस मात्र सगळ्यांचा लाडका. चार टेबलं: निवड, सफाई, डकवणी, दाब. गर्दी सगळी डकवणीवर आणि जाणती माणसं हवीत निवडीवर. कारण प्रत्येक फाटकं पुस्तक दुरुस्तीचं नसतं. पानाचा कोपरा पुढे-मागे दुमडून बघायचा. दोन वेळा दुमडल्यावर तुटला तर कागद मेला. त्यात टाके घातले तर ते कागदच कापतात. असं पुस्तक दुर्मीळ असेल तर पाकिटात, नसेल तर बाद करायच्या यादीत.

खळ आदल्या दिवशीच करून ठेवायची. एक वाटी मैदा, चार ते पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा गुठळी न ठेवता कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन मिश्रण काचेसारखं झालं की उतरवायचं, गार करायचं, गाळायचं. ही खळ दोन-तीन दिवस टिकते, पुढे आंबते. बांधणीवाले किडीसाठी त्यात मोरचूद घालायचे. ते विष आहे, मुलं हात घालणार त्या भांड्यात ते अजिबात नको. त्यापेक्षा खळ पातळ लावा आणि पुस्तक पूर्ण वाळू द्या. कसरीला, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीला, जाड खळ आणि ओल दोन्ही आवडतात.

फाटलेल्या पानाला लांब धाग्याच्या पातळ टिश्यू कागदाची सेंटिमीटरभर रुंद पट्टी लावायची, तीही कात्रीने न कापता हाताने फाडून. फाडलेल्या कडेचे धागे पानात मिसळतात, कापलेली कड मात्र पुढच्या वेळी तिथेच पान मोडते. दोन्ही बाजूंना मेणकागद आणि वर वजन, सकाळपर्यंत. मेणकागद विसरला की दुसऱ्या दिवशी तीन पानांचं एक पान तयार. सुटं पान बसवताना आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटरच डिंक लावायचा, आणि इथे खळ नको, पांढरा कृत्रिम डिंक बरा, कारण तो वाळल्यावरही लवचीक राहतो. जास्त लावला की पान पूर्ण उघडत नाही आणि शेजारचं पान ओढून फाडतं.

पातळ पुस्तिकांच्या पिना गंजलेल्या असायच्या. त्या काढून मधल्या घडीवर तीन भोकं पाडायची आणि पाठीच्या उंचीच्या अडीच पट दोरा घ्यायचा. मधल्या भोकातून सुई बाहेर काढायची, वरच्यातून आत, आतून थेट खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून गाठ मारायची. एकदा जमलं की पोरं पिना नसलेल्या पुस्तिकाही शिवायला मागायची.

त्या दिवशी चिकटपट्टीला मात्र दारातच मनाई. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकट पदार्थ कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग कायमचा उरतो. आदल्या पिढीने प्रेमाने लावलेल्या पट्ट्यांनी जितकी पानं घालवली तितकी कसरीनेही घालवली नसतील.

फोटोंची संध्याकाळ गावासाठी. शाळेचे जुने वर्गफोटो मांडायचे आणि माजी विद्यार्थी, आजी-आजोबा येऊन नावं सांगायचे. मूळ फोटोवर काही लिहायचं नाही. मोठी झेरॉक्स काढून तिच्यावर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यायचा आणि शेजारी यादी. खुबी अशी, की सगळ्यांना एकत्र विचारायचं नाही. मोठ्या आवाजाच्या एखाद्याने ‘हा तर देशपांडे’ म्हटलं की बाकीचे माना डोलावतात. तिघांना वेगवेगळं विचारून जुळलेलं नाव शाईने लिहायचं, न जुळलेलं पेन्सिलीने. मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूने चेहऱ्यावर उमटतो. प्लास्टिकच्या थराच्या फोटोवर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा.

लोक घरचे फोटोही आणायचे. स्कॅन 300 डीपीआयला, अगदी छोटे फोटो 600 ला, आणि मूळ प्रत त्याच संध्याकाळी परत. सोबत एक चिठ्ठी: फोटो कुणाचा, आणि शाळेने तो इतरांना दाखवला तर चालेल का. ही चिठ्ठी राहिली की पुढे तो फोटो कपाटातच पडून राहतो. त्या संध्याकाळी आलेल्यांपैकी बरेच जण जाताना वाचक म्हणून नाव नोंदवायचे. नुसतं ‘ग्रंथालय सर्वांसाठी खुलं आहे’ असं फलकावर लिहून तसं कधी झालं नाही.

राहिली मोजणी. देवघेव आठ दिवस बंद, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद) बाहेर आणि जोड्या तयार: एक जण पुस्तकावरचा दाखल क्रमांक वाचणार, दुसरा नोंदवहीत खूण करणार. सराव झालेली जोडी मिनिटाला चार पुस्तकं करते. पाच हजार पुस्तकांना पाच जोड्या म्हणजे सलग चार तासांहून थोडं जास्त, प्रत्यक्षात दोन दिवस, कारण पुस्तक उघडून वाचत बसणारे निघतातच. त्यांना रागावण्यात अर्थ नाही.

क्रमांक सुटे सुटे वाचायचे: ‘एक, शून्य, सहा, नऊ’. ‘एक हजार एकोणसत्तर’ म्हटलं की ऐकणारा एकोणसाठवर खूण करतो आणि एका चुकीने दोन पुस्तकं बिघडतात: एक असून हरवलेलं, एक हरवून असलेलं. शेजारच्या जोडीचा आवाजही ऐकू येता कामा नये.

बहुतेक ‘हरवलेली’ पुस्तकं खोलीतच असतात, चुकीच्या फळीवर. विषयानुसार पुस्तकांना दशांश क्रमांक देणाऱ्या, ड्यूईच्या 1876 पासून चालत आलेल्या वर्गीकरणात तारे 523.8 ला आणि मंगळ 523.43 ला. मुलं 43 हा आकडा 8 पेक्षा मोठा धरून मंगळाला ताऱ्यांनंतर ठेवतात. दशांश चिन्हानंतर एकेक अंक वाचायचा, आधी 4 आणि मग 8, हे त्या दोन दिवसांत जितकं पक्कं होतं तितकं गणिताच्या तासालाही होत नाही.

खूण न झालेल्या क्रमांकांची यादी लगेच ‘गहाळ’ म्हणून लावायची नाही. आधी देवघेवीच्या ट्रेमधली कार्डं, मग दुरुस्तीचा ढीग, मग शिक्षकांच्या टेबलांचे खण. तिसऱ्या ठिकाणी सर्वांत जास्त सापडायची. तरीही उरलेली यादी फलकावर, खाली एक खोकं: कोण ठेवून गेलं हे विचारलं जाणार नाही. बाद ठरवल्यावर एखादं पुस्तक वर्षा-दोन वर्षांनी परत आलं तर त्याला नवा क्रमांक देऊ नका. जुन्याच ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात ‘परत आले’ आणि तारीख. नाहीतर पुढच्या मोजणीत तेच पुस्तक दोनदा निघतं.