पिकअपवरच्या खोलीत जास्तीची जागा: पुणे ते कोकण, नऊ रात्री

आमच्या दुहेरी केबिनच्या पिकअपच्या हौद्यावर बसवलेली राहण्याची खोली आतून जेमतेम सात फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. झोपण्याचा मंच चालकाच्या केबिनच्या टपावर येतो. फेब्रुवारीत आम्ही नवराबायको या खोलीतून पुणे, कोल्हापूर, आंबोली, वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी, गुहागर, दापोली आणि ताम्हिणी घाटातून परत पुणे असे फिरलो. मार्गाविषयी इतरत्र पुष्कळ वाचायला मिळते, म्हणून या वृत्तांताचा भर सामान कोठे ठेवले, कोठे ठेवून फसलो आणि पुढच्या वेळी काय बदलणार आहोत यावर आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी कोथरूडमध्ये इमारतीखाली सामान चढवताना शेजारच्या मुलाने "काका, घर बदलताय का?" असे विचारले, तेव्हा प्रश्न केवळ जागेचा नसल्याची पहिली शंका आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मार्केट यार्डाच्या बाजूला भुईकाट्यावर गाडी नेली. ही एक गोष्ट प्रत्येकाने करावी असा माझा आग्रह आहे. पाण्याची टाकी आणि डिझेल पूर्ण भरून, दोघांनीही आत बसून आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी घ्यावी आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी करून मागच्या आसावरचा भार काढावा. एकूण आकडा आरसीवरील कमाल वजनाशी ताडून पाहावा. आमची गाडी तब्बल ९० किलोंनी जड भरली, आणि खोलीत मात्र अजून तीन कप्पे रिकामे होते. पिकअपमध्ये मोकळी पोकळी शोधणे तुलनेने सोपे असते. त्या पोकळीत काय ठेवणे गाडीला झेपेल, हे ठरवणे अवघड असते.

भुईकाट्यावरून परतल्यावर पाण्याचा साठा ६० लिटरवरून ३० लिटरवर आणला, म्हणजे तीस किलो तेथेच उतरले. कोकणात मुक्कामाच्या ठिकाणी पाणी मिळत राहिले आणि त्याची उणीव एकदाही भासली नाही. १४.२ किलो गॅसचा घरगुती सिलिंडर भरलेला असताना लोखंडासह तीस किलोंच्या आसपास भरतो, त्याच्या जागी ५ किलोंचा घेतला. बिडाचा तवा, घडीचे मोठे टेबल आणि दोन लोखंडी खुर्च्या घरीच राहिल्या. वजन कमी करायला गेलो आणि जागाही त्यातूनच निघाली.

उरलेल्या पोकळ्यांपैकी सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मडगार्डच्या पुढच्या-मागच्या खाचा. हौद्यात चाकांवरचे उंचवटे आत आलेले असल्यामुळे खोलीचा खालचा भाग अरुंद करावा लागतो आणि खोलीची भिंत व हौद्याची बाजू यांच्यामध्ये चार कोपऱ्यांत उभट खोबणी शिल्लक राहतात. बहुतेकांना त्या दिसतच नाहीत, कारण खोली एकदा वर चढली की त्या झाकल्या जातात. आम्ही भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लायवूड आणले, कारण साधे प्लाय किनाऱ्यावरच्या दमट हवेत फुगते, आणि त्या खोबणींच्या मापाचे उभे, झाकणाचे डबे सुताराकडून करून घेतले. पुढच्या दोन डब्यांत जड वस्तू, म्हणजे अवजारे, टोचणदोर आणि पाण्याचा राखीव कॅन ठेवला, तर मागच्या दोन डब्यांत ताडपत्री, चपला आणि पावसाळी कपडे. जड वस्तू मागच्या आसाच्या पलीकडे गेल्या की पुढची चाके हलकी होतात आणि घाटात स्टिअरिंगची पकड सुटल्यासारखी वाटते. आंबोलीच्या वळणांवर याचा अनुभव घेण्यापेक्षा पुण्यातच मांडणी बदललेली बरी.

दुसरी जागा कोनाकृती बाकाखालच्या कोपऱ्यात सापडली. दोन बाके जेथे मिळतात तेथे आतून हात पोहोचत नाही आणि तो घनफूटभर भाग कायम अडगळीचा राहतो. त्या ठिकाणी आम्ही बाहेरच्या भिंतीला दार पाडून रबरी बीडिंग लावले, आणि आता तेथे दोरखंड, सांडपाण्याची नळी आणि गाडी समतल करण्याची लाकडी पाचरे राहतात. बाहेरून दार पाडताना चारही कडांना सिलिकॉन भरणे टाळू नये, नाहीतर पहिल्या पावसात गादी भिजते.

स्वयंपाकाच्या भांड्यांत आमचा सर्वांत मोठा धडा पत्नीने शोधला. गोल डबे शेजारीशेजारी ठेवले तर प्रत्येक डबा आपल्या चौकोनी जागेचा सुमारे एक पंचमांश भाग वाया घालवतो, हे गणित शाळेत शिकूनही आम्ही घरचे पितळी-स्टीलचे गोल डबे तसेच उचलले होते. तुळशीबागेतून चौकोनी, एकावर एक बसणारे डबे आणल्यावर त्याच कप्प्यात तांदूळ, डाळी, पोहे, चहा-साखर आणि मिसळणाचा डबा एवढे सगळे मावले. मिसळणाचा डबा मात्र गोलच राहिला, कारण त्याबाबतीत चर्चेला वाव नव्हता. कुकर कधी रिकामा नेऊ नये: त्यात कांदे-बटाटे बसतात, आणि पातेली एकात एक घातल्यावर मध्ये फडके ठेवले तर रात्रीच्या रस्त्यावर खडखडाट होत नाही. गोधड्या आणि स्वेटर आम्ही लोडाच्या अभ्र्यात भरले, त्यामुळे दिवसा टेकायला लोड मिळाले आणि अंथरुणाचा कप्पा पूर्ण मोकळा झाला.

आता चुका. गाडीच्या डाव्या बाजूला खाली पट्ट्यांनी बांधलेली पेटी सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर आली होती, याकडे माझे दुर्लक्ष झाले. कोल्हापुरात हौसेने घेतलेली गुळाची ढेप मी त्याच पेटीत ठेवली आणि वेंगुर्ल्याला पोहोचेपर्यंत तिचा काकवीसारखा चिकट पाक होऊन तो पान्यांवर पसरला. चेसिसखालच्या कोणत्याही पेटीत आधी उन्हात दोन तास गाडी चालवून हात लावून पाहावा, आणि धूळ-चिखल आत जाणारच असे गृहीत धरावे. अशी पेटी कायमची वेल्ड करून घेण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करणेही आवश्यक आहे, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल मनमानीने करता येत नाहीत. आमची पेटी काढता येण्याजोगी होती, हे नशीब.

दुसरी चूक मागच्या बम्परवर बसवलेल्या पेटीची. जयगडहून तवसाळला फेरीबोटीने खाडी ओलांडताना सारे सुरळीत झाले, पण धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या बोटीवर चढताना ओहोटीमुळे उतार तीव्र होता आणि पेटीची खालची कड उतारावर घासून तिचे कुलूप वाकले. मागे लटकणारी जागा मोजताना लांबी पाहून भागत नाही, मागच्या चाकापासून पेटीच्या तळापर्यंतची चढणही पाहावी लागते. दाभोळ ओलांडल्यावर आम्ही ती पेटी काढून त्यातले सामान मागच्या सीटच्या पायाशी ठेवले आणि उरलेला प्रवास तसाच केला. फारशी गैरसोय झाली नाही, याचा अर्थ त्यातले बरेचसे सामान न्यायचेच नव्हते.

राजापूरच्या पुढे पंक्चर झाले तेव्हा जॅक आणि पाना मागच्या बाकाखाली, दोन पिशव्या आणि एका क्रेटच्या मागे असल्याचे लक्षात आले. भर दुपारी महामार्गाच्या कडेला आमचा संसार मांडला गेला. तेव्हापासून जॅक, पाना, त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि टॉर्च एवढ्या वस्तू दुसरे काहीही न हलवता हाती याव्यात असा नियम केला आहे.

काही पोकळ्या रिकाम्या दिसल्या तरी भरू नयेत. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला असलेले वायुवीजनाचे छिद्र कधीही झाकू नये, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खालीच साचतो. इन्व्हर्टर आणि बॅटरीभोवतीही हवा खेळती हवी. आम्ही वाटेत घेतलेल्या आमसुलांच्या पिशव्या एकदा इन्व्हर्टरच्या वर रचल्या आणि तो तापून बंद पडल्यावरच तेथून काढल्या. कप्प्यांच्या दारांना मॅग्नेटच्या कड्या पुरत नाहीत, घाटात दारे आपोआप उघडतात. दाबून उघडणाऱ्या कुलपांसाठी बोहरी आळीत एक फेरी मारावी.

प्रवासभर पत्नीने एका वहीत प्रत्येक कप्पा कोणत्या दिवशी उघडला याची नोंद ठेवली होती. नऊ रात्रींत एकदाही न उघडलेल्या वस्तूंमध्ये फोल्डिंगची कपडे वाळवण्याची दांडी, दुसरी शेगडी, चार पुस्तकांपैकी तीन पुस्तके आणि मी अट्टहासाने घेतलेला टूल-सेटचा मोठा डबा होता. याउलट, घडी घालून सपाट होणारे क्रेट आम्ही एकच घेतले होते आणि ते मालवणातच खाज्याने, काजूंनी आणि कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांनी भरले. रत्नागिरीच्या पुढे आगळाच्या बाटल्या कुकरमध्ये, कांद्यांशेजारी बसून पुण्याला आल्या.