चौघांनी चीन बुडवला का?

"माओ बरा होता हो, त्याच्या बायकोनं आणि तिच्या तीन साथीदारांनी वाट लावली, असंच ना?" सांस्कृतिक क्रांतीचा, म्हणजे चीनमधल्या १९६६-७६च्या राजकीय उलथापालथीचा, विषय निघाला की हा प्रश्न मला ठरलेला. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा नुसतं 'हो' हवं असतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: नाही.

ती चौकडी म्हणजे माओची पत्नी जियांग चिंग, प्रचार खात्यातला चांग चुनछ्याओ, लेखणीबहाद्दर याओ वेनयुआन आणि शांघायच्या कापड गिरणीतला वांग होंगवेन. जियांग चिंग एकेकाळची शांघायची सिनेनटी. कम्युनिस्ट पक्षातल्या जुन्या मंडळींनी तिला वर्षानुवर्षं राजकारणापासून लांब ठेवलं होतं, आणि तिनं त्याचा हिशेब पुढे चुकता केला.

सुरुवात झाली चक्क नाट्यपरीक्षणातून. नोव्हेंबर १९६५मध्ये याओनं शांघायच्या एका दैनिकात बीजिंगचे उपमहापौर वू हान यांच्या नाटकावर तोफ डागली. सम्राटाला खडे बोल सुनावणारा प्रामाणिक अधिकारी पदावरून जातो, असं ते नाटक. लेखामागे जियांग चिंग आणि तिच्यामागे माओ. वू हान पुढे तुरुंगात वारले.

मला स्वतःला आनतिंगचा प्रसंग सगळ्यांत बोलका वाटतो. नोव्हेंबर १९६६मध्ये शांघायचे बंडखोर कामगार बीजिंगला गाऱ्हाणं घालायला निघाले. पुढारी वांग. आनतिंग स्टेशनात गाडी अडवली, तर ते रुळांवरच बसले आणि शांघाय-नानजिंग मार्ग ठप्प झाला. शहरातल्या पक्षनेत्यांचं म्हणणं होतं, अजिबात नमायचं नाही. चांग तिथे पोचला आणि त्यानं कामगारांच्या मागण्यांवर सही ठोकली. माओनं ती नंतर उचलून धरली म्हणून चांग हिरो ठरला. माओ नाही म्हणाला असता, तर त्याच सहीवर त्याचा बळी गेला असता.

फेब्रुवारी १९६७मध्ये चांग-वांग यांच्या गटानं शहराचा नवा कारभार म्हणून 'शांघाय कम्यून' जाहीर केलं. माओला नाव रुचलं नाही, आणि त्याच महिन्यात पाटी बदलली. बंडखोर म्हणवणाऱ्यांची झेप एवढीच!

तरी चढले मात्र भराभर. १९७३मध्ये वांग पक्षाचा उपाध्यक्ष झाला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. वर्तमानपत्रं त्यांची, रंगभूमी त्यांची, शांघाय त्यांचं. लष्कर नाही, बहुतेक मंत्रालयं नाहीत, जुने नेते तर दात धरून बसलेले. 'चौघांची टोळी करू नका,' असं त्यांना बजावलं तेही माओनंच.

९ सप्टेंबर १९७६ला माओ गेला. ६ ऑक्टोबरला चांग आणि वांग यांना माओच्या निवडक लेखनाच्या पाचव्या खंडावर बैठक आहे म्हणून बोलावलं आणि दारातच धरलं. जियांग चिंगला घरून उचललं. माओचा वारस हुआ ग्वोफेंग, सेनापती ये च्यानयिंग आणि माओच्याच अंगरक्षक दलाचा प्रमुख वांग दोंगशिंग यांनी एका रात्रीत काम उरकलं. शांघायमध्ये चौकडीनं पोसलेलं कामगार दल बंदुका घेऊन तयार होतं, पण एक गोळी सुटली नाही. बीजिंगकरांनी बाजारातून खेकडे आणले: तीन नर, एक मादी.

१९८०-८१च्या खटल्यात चांग जवळपास गप्पच राहिला. जियांग चिंग मात्र कडाडली: मी माओची कुत्री होते, त्यांनी ज्याला चाव म्हटलं त्याला चावले. बाई कांगावखोर होती, सूडबुद्धीची होती, तिच्या हातांना रक्त होतं. तिच्याबद्दल मला कणव नाही. पण हे वाक्य खोडून काढणं सरकारी वकिलांना जड गेलं असणार.

जून १९८१मध्ये पक्षानंच ठराव करून मान्य केलं, की सांस्कृतिक क्रांती माओनं सुरू केली आणि चालवलीही त्यानंच. त्याच ठरावात त्याचं कर्तृत्व पहिलं आणि चुका दुय्यम ठरवल्या. शिक्षा तोवर चौघांना होऊन गेली होती.