तर्जनीचं सोललेलं कातडं

"पोरीला जोर नाही, म्हणून स्पिन टाकतंय."

आज सकाळी बेळगावच्या टिळकवाडीत, लेले मैदानाच्या कडेला उभे असलेले एक काका बोलून गेले. अकरा-बारा वर्षांची डावखुरी पोरगी. तिने ऐकलं, काही बोलली नाही. पुढच्या बॉलसाठी मागे वळली.

पाणी प्यायला आली तेव्हा तिचा हात बघितला. बॉलच्या शिवणीवर घासून घासून तर्जनीचं कातडं सोललेलं.

"दुखतंय काय गे?"

"थोडं. पण बोट ढिलं सोडलं तर बॉल वळत नाही, काकू."

मला भारताची क्रिकेटपटू राजेश्वरी गायकवाड आठवली. आपल्या शेजारच्या विजयपूरची (विजापूरची), हीच डावखुरी फिरकी. २०१७ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये तिला पहिला सामना मिळाला तोच न्यूझीलंडविरुद्ध, जिंकलो तरच सेमीफायनल असा. इंग्लंडमधल्या डर्बीच्या मैदानावर तिने १५ धावांत ५ बळी घेतले. समोरचा संघ ७९ वर गारद!

हे सगळं त्या काकांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी गप्प बसले, तेच दिवसभर टोचतंय.

उद्या परत जाणार आहे. त्या पोरीला राजेश्वरीचं नाव तरी कुणी सांगितलं असेल काय?