कौलून वॉल्ड सिटी पार्क: समुद्र शोधायला जाऊ नका

सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग पाहून वाढलेल्या माणसाला ‘चीनचा ऐतिहासिक सागरी किल्ला’ असे सांगितले की त्याच्या मनात तटाला थडकणाऱ्या लाटा, खारट वारा आणि बुरुजावरून दिसणारे गलबतांचे मार्ग उभे राहतात. हाँगकाँगच्या प्रवासाची आखणी करताना एका एजंटाने नेमके हेच शब्द वापरून आम्हाला कौलून वॉल्ड सिटी पार्कची, म्हणजे कौलूनच्या जुन्या तटबंदी नगराच्या जागेवरच्या बागेची, अर्ध्या दिवसाची सहल विकली. या बागेत समुद्र नाही, तट नाही आणि चढायला बुरूजही नाही. जे आहे ते मोलाचे आहे, परंतु ते पाहण्यासाठी कोणालाही एक डॉलर देण्याची गरज नाही, हे सर्वांत आधी लिहून ठेवतो.

आम्ही दोघा भावांनी माणशी ४५० हाँगकाँग डॉलर, म्हणजे जवळजवळ ५,००० रुपये मोजले. पावतीवर ‘प्रवेशशुल्कासह’ असे स्पष्ट छापलेले होते. प्रत्यक्षात ही सार्वजनिक बाग असून तिला प्रवेशशुल्कच नाही; पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत परिसरातली वयस्क मंडळी तिथे व्यायामाला आणि बुद्धिबळाला येत-जात असतात. आमच्या मार्गदर्शकाने पंचवीस मिनिटांत बाग फिरवली, दक्षिण दरवाजाच्या अवशेषांजवळ छायाचित्रापुरता थांबला आणि पुढच्या गटाकडे निघून गेला. प्रवेशशुल्काविषयी विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले नाही. रकमेपेक्षाही फुकट मिळणारी वस्तू तिकीट म्हणून विकली गेली याचा संताप मला आजही आहे, आणि पुढे जाणाऱ्यांनी या जागेसाठी कोणतेही पॅकेज घेऊ नये, असे मी ठामपणे सांगतो. मेट्रोच्या तुएन मा मार्गिकेवरच्या सुंग वाँग तोई स्थानकावर उतरावे. तिथून बाग चालत सुमारे दहा मिनिटांवर आहे. हे स्थानक २०२१ मध्ये सुरू झाले, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांत ते सापडत नाही आणि एजंटांचे फावते.

आता समुद्र कुठे गेला ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय या जागेला काहीच अर्थ राहत नाही. १८४२ च्या नानजिंग तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेले आणि समोरच्या कौलूनच्या किनाऱ्यावर चिनी साम्राज्याची लहानशी ठाणी उरली. ब्रिटिशांवर नजर ठेवण्यासाठी चिंग राजवटीने तिथे दगडी तटबंदीचे नगर उभारले. १८४७ मध्ये ते पूर्ण झाले. त्याला चार दरवाजे आणि सहा पहाऱ्याचे बुरूज होते. १८९८ मध्ये न्यू टेरिटरीज हा कौलूनच्या उत्तरेकडचा मुलूख ब्रिटिशांना ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देताना या तटाआतील जागेवरचा चिनी अधिकार करारात राखून ठेवला गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आत शिरून चिनी अधिकाऱ्यांना बाहेर काढले. तेव्हापासून ही जागा दोन सत्तांच्या मधली, कोणाचीच धड न राहिलेली, अशी होऊन बसली. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने तट पाडला आणि त्याचे दगड काई ताक विमानतळाच्या विस्तारासाठी वापरले. त्या विमानतळासाठी आणि त्याच्याही आधीपासून किनाऱ्यावर भराव घातला जात होता. एकीकडे किल्ल्यासमोरचा समुद्र भरावाने दूर ढकलला गेला आणि दुसरीकडे किल्ल्याचे दगड त्याच विमानतळाच्या कामी आले. ही गोष्ट मार्गदर्शकाने सांगितली नाही, आणि माझ्या मते या जागेविषयी सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

युद्धानंतर तटाविना उरलेल्या या जागेत निर्वासितांची वस्ती वाढली. सुमारे २.७ हेक्टरांत तीनशेहून अधिक इमारती एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या. विमाने डोक्यावरून उतरत असल्यामुळे त्यांची उंची साधारण चौदा मजल्यांपर्यंत मर्यादित राहिली, तरी १९८७ च्या पाहणीत तिथे ३३,००० च्या आसपास माणसे राहत होती. ती वस्ती पाहायला मिळेल या आशेने येणाऱ्यांचीही निराशा होईल. १९९३-९४ मध्ये ती पाडली गेली आणि डिसेंबर १९९५ मध्ये तिच्या जागी यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या जिआंगनान प्रदेशातील शैलीची बाग खुली झाली. बागेत त्या वस्तीची धातूची प्रतिकृती आहे. तिच्यापुढे पाच मिनिटे शांतपणे उभे राहिले तर गच्च्यांची दाटी नीट कळते.

मार्गदर्शक गेल्यावर आम्ही दक्षिण दरवाजापाशी परत आलो आणि तासभर तिथेच थांबलो. वस्ती पाडताना झालेल्या उत्खननात दरवाज्याचा पाया, तटाच्या तळाचे चिरे, फरसबंदी आणि सांडपाण्याचा दगडी नाला हे सारे सापडले. ते आता भोवतालच्या जमिनीपेक्षा खोलगट जागेत, कठड्यापलीकडे जतन केलेले आहे. दोन ग्रॅनाइटचे फलकही मिळाले; एकावर ‘दक्षिण दरवाजा’ आणि दुसऱ्यावर नगराचे नाव कोरलेले आहे. ज्याने आपल्याकडचे पडके महादरवाजे पाहिले आहेत, उंबरठ्याच्या दगडावर हात ठेवून आत शिरण्याची ज्याला सवय आहे, त्याला हे अवशेष वरून वाकून पाहताना सुरुवातीला परके वाटतील. तरीही सकाळच्या तिरप्या उन्हात चिऱ्यांचे सांधे उठून दिसतात आणि तट किती रुंद असेल याचा अंदाज येतो. दुपारी बाराला गेलात तर सपाट दगडांखेरीज काही दिसणार नाही.

मूळ नगरातली उभी राहिलेली एकच महत्त्वाची वास्तू म्हणजे यामेन, अर्थात अधिकाऱ्याची कचेरी. तिचे तीन भाग एकामागे एक असून मधल्या चौकांतून प्रकाश येतो. आपल्या वाड्यांतले चौक आठवावेत अशी ती रचना आहे. पुढे तिथे वृद्धाश्रम चालत असे, आणि वापरात राहिल्यामुळेच ही वास्तू वाचली असावी, असे मला वाटते. दाराशी १८०२ मध्ये ओतलेल्या दोन तोफा आहेत. ही साल नगराच्या तटापेक्षाही जुनी आहे, हे लक्षात ठेवून त्या पाहाव्यात. आतली प्रदर्शनाची दालने बागेआधी बंद होतात, तेव्हा त्यांची वेळ आधी पाहून ठेवावी. बागेतली तळी, मंडप, राशींचे पुतळे हे सारे नीटनेटके आहे. त्याला अर्धा तास पुरतो.

यानंतर आम्ही जी चूक केली ती कोणी करू नये, म्हणून ती सविस्तर सांगतो. नकाशावर समुद्र सरळ रेषेत दीड किलोमीटरसुद्धा दूर दिसत नव्हता. १८७३ ते १८७५ या काळात किल्ल्याला किनाऱ्यावरच्या धक्क्याशी जोडणारा सुमारे २०० मीटरांचा लुंग त्सुन हा दगडी पूल बांधला गेला होता. नंतर भरावाखाली गाडला गेलेला हा पूल २००८ मध्ये काई ताकच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर उजेडात आला. त्या पुलाच्या रोखाने चालत जाऊन किल्ल्यापासून पाण्यापर्यंतचे जुने अंतर पायांनी मोजावे, असे माझ्या मनात आले. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता, तापमान ३३ अंश होते आणि हवेत इतका दमटपणा होता की सदरा दहा मिनिटांत अंगाला चिकटला. प्रिन्स एडवर्ड रोड ईस्ट हा रुंद रस्ता वरून ओलांडता येत नाही; भुयारी मार्ग घ्यावा लागतो, आणि त्याला फुटलेल्या वाटांपैकी चुकीची निवडली की माणूस पुन्हा त्याच बाजूला वर येतो. आमचे दोनदा असे झाले. पलीकडे बांधकामाचे उंच पत्रे, उड्डाणपुलांचे खांब आणि सावली नसलेले पदपथ होते. मी सह्याद्रीत उन्हाळ्यातही चढलो आहे, पण त्या सपाट सिमेंटच्या वाटेइतका थकवा मला क्वचितच आला असेल. एक तास वीस मिनिटांनी आम्ही ‘तो क्वा वान’ नावाच्या भागातल्या होड्यांच्या आसऱ्यापाशी पोहोचलो. कठड्यापलीकडे संथ पाणी होते, आणि किल्ल्याच्या दिशेने मागे वळून पाहिले तर फक्त इमारती होत्या. दोघांकडच्या दोन लिटर पाण्यातला घोटही उरला नव्हता. ही पायपीट करू नये. अंतर अनुभवायचे असेल तर नकाशावर मोजावे.

ज्यांना समुद्रावर रोखलेला किल्लाच पाहायचा आहे त्यांनी हाँगकाँग बेटावरच्या शाऊ केई वान स्थानकावरून लेई यू मुनला जावे. तो १८८७ मध्ये ब्रिटिशांनी बंदराच्या पूर्वेकडच्या अरुंद खाडीवर बांधलेला किल्ला आहे आणि तिथे आता सागरी संरक्षणाचे संग्रहालय आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तोफांच्या जागा, डोंगरात खोदलेले मार्ग, टॉर्पेडो सोडण्याचे ठिकाण आणि समोर खरोखरचे पाणी पाहून आदल्या दिवसाचा शीण उतरला. गुरुवारी ते बंद असते. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी करायची असतील तर सकाळी आठला वॉल्ड सिटी, दहाला निघून दुपारी लेई यू मुन, असा क्रम ठेवावा. उलट क्रमाने गेल्यास दक्षिण दरवाजा दुपारच्या उन्हात पाहावा लागेल.

भारतीय पासपोर्टधारकांनी निघण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी. ती मंजूर झाल्यास १४ दिवसांपर्यंतच्या भेटीला व्हिसा लागत नाही. उतरल्याबरोबर ऑक्टोपस हे प्रवासभाड्याचे कार्ड घ्यावे. बागेजवळच्या गल्ल्यांत थाई खानावळी भरपूर आहेत, परंतु भाज्यांतही माशाचा रस घालतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी मागवण्यापूर्वी विचारावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. एजंटाने ‘सागरी किल्ला’ म्हणून पैसे मागितले तर त्याला पावतीवर प्रवेशशुल्काची रक्कम वेगळी लिहून देण्यास सांगावे.