आमची वाटचाल : नग 142

घरसामान हलवण्याचा आमचा धंदा. ऑफिसात काचेच्या कपाटात एक दाभण ठेवलाय. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हे काय? मामाचं हत्यार, एवढंच सांगतो. पुढचं इथे लिहितो.

1998 साली मामानं गुलटेकडीच्या मार्केटयार्डातली हमाली सोडली आणि मी टेम्पोवरची क्लीनरकी. गाडी भाड्याची. भांडवल म्हणजे दोन पट्टे, एक ताडपत्री, सुतळीची बंडलं आणि हा दाभण. बबल रॅप तेव्हा आम्हाला कुठला परवडायला! काचसामान पेंढ्यात घालून लाकडी खोक्यात, कपाटाला जुनी रजई, वर गोणपाट आणि गोणपाटावर मामाची शिवण. दर चार बोटांवर तो गाठ मारायचा. वाटेत एखादा टाका तुटला तरी पुढचं उसवू नये म्हणून. आता पोरं स्ट्रेच फिल्म गुंडाळतात, पाच मिनिटांत कपाट तयार. चांगलं आहे. पण खंबाटकी उतरताना फिल्म सरकते. मामाची शिवण सरकलेली मी पाहिली नाही.

2001 साली बँकेतल्या मॅडम आल्या. बदली, पुणे ते नागपूर. आम्ही खोकी उचलायला लागलो तर म्हणाल्या, ‘‘थांबा हो, आधी लिहून घेऊ.’’ कार्बन घालून वहीत एकेक वस्तू, पुढे तिची अवस्था. ‘टेबल, डावा पाय डगमगतो.’ ‘आरसा, खाली उजवीकडे टवका.’ ‘देव्हारा सागवानी, कळस वेगळा बांधला.’ मामा कुरकुरला, बाई आपल्याला चोर समजतात म्हणून. नागपूरला माल उतरवून त्यांनी वहीवर टिका मारल्या आणि संध्याकाळच्या आत हिशेब चुकता केला. तेव्हापासून आमची यादी तशीच निघते. नगाला नंबर, तीन प्रती, खाली दोघांच्या सह्या.

पुढची पंधरा-सोळा वर्षं काम केलं. स्वतःची सतरा फुटी आयशर घेतली, स्थानिक कामाला एक छोटा हत्ती घेतला. मामा गेला. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं तेवढंच.

आता त्या माणसाबद्दल. नाव लिहीत नाही. आठ वर्षं आमच्याकडे होता, नग बांधायला मीच शिकवला. 2017 मध्ये गेला आणि जाताना गिऱ्हाइकांच्या फोनची वही झेरॉक्स करून घेऊन गेला. चारशे मीटरवर दुकान टाकलं, नाव आमचंच, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. भाव सांगायचा फोनवर. आम्ही घरी जाऊन माळा बघतो, कारण गिऱ्हाईक हॉल दाखवतं, माळा दाखवत नाही आणि अर्धी गाडी तिथेच भरते. हा अठरा हजार सांगून काम घ्यायचा आणि माल गाडीत चढला की सव्वीस मागायचा. गिऱ्हाईक शिव्या घालायचं, तेही आमच्या नावानं.

ऑगस्ट 2019. पार्ट लोड, बेंगळुरू. गाडीत दोन घरं : त्याच बँकेतल्या मॅडमचे 142 नग आणि एका इंजिनिअरसाहेबांचे 87. पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. आमची गाडी किणीच्या अलीकडे अडकली. दोन दिवसांचा प्रवास, सहा दिवस जागेवर. पाऊस थांबेना. गावातल्या लोकांनी ड्रायव्हरला पिठलं-भाकरी दिली, पण ताडपत्रीला मागच्या कोपऱ्यात दोन बोटं फाट होती आणि ती मी निघताना बघितली नव्हती. चूक माझी.

तिकडे साहेबांच्या मोबाइलवर एक फोटो पोचला : पाण्यात निम्मा बुडालेला ट्रक. ‘तुमचं सामान यात आहे.’ फोटोतली गाडी दहाचाकी होती हो! आयशर सहाचाकी. पण टायर कोण मोजतं? तो कुणी पाठवला हे मला ठाऊक आहे, आणि हे वाचून त्यालाही कळेल.

माल पोचला. साहेबांची गादी आणि भुश्याच्या बोर्डाचं कपाट खरंच फुगलं होतं. त्यांनी मागितले तीन लाख साठ हजार, त्यात टीव्हीसुद्धा. ट्रान्झिट विमा त्यांनी नको म्हटलं होतं, पण ते मी तोंडी ऐकलं, लिहून घेतलं नाही. यादी काढली. नग 31, ‘टीव्ही, पडद्यावर डावीकडे उभी रेघ’, खाली त्यांची सही. टीव्ही मागणीतून गळला. बाकीच्या सामानापोटी एक लाख चाळीस हजार मी दिले. छोटा हत्ती विकला, दोन पोरांना घरी बसवलं, तीन महिने गाडीचा हप्ता थकला.

मॅडमचीही दोन खोकी पुस्तकं भिजली होती. त्यांनी ती गॅलरीत उभी करून वाळवली आणि पैसे मागितले नाहीत. पुढच्या दोन महिन्यांत त्यांच्या बँकेतल्या तिघांच्या बदल्या आमच्याकडे आल्या. हप्ता त्यातून सुटला.

लांब जाणार असाल तर कुणी विचारलं नाही तरी सांगतो. फ्रीज आदल्या दिवशी बंद करा, दार उघडं ठेवून बर्फ वितळू द्या. फ्रंट लोड मशीनचे नवं घेताना काढलेले बोल्ट जपून ठेवा. ते न लावता मशीन पाठवलं तर ड्रम हलतो, मग आम्हाला बोलू नका. सिलिंडर गाडीत चालत नाही, एजन्सीत जमा करून कागद घ्या. दुचाकीतलं पेट्रोल काढा, दुसऱ्या राज्यात कायमचे जाणार असाल तर आरटीओची एनओसी आधी. पुस्तकं लहान खोक्यात. मोठ्या खोक्याचा तळ सुटतो आणि हमालाची कंबरही. लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करा, हात जोडून सांगतो. वापरलेल्या घरसामानाला जीएसटीचं ई-वे बिल लागत नाही, तरी वाटेत विचारणा होते; बिल्टीला, म्हणजे माल नेण्याच्या पावतीला, यादी जोडलेली असली की गाडी सुटते. आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फोन करून भाव कमी करा म्हणू नका.

मॅडम मागच्या वर्षी निवृत्त झाल्या, कायमच्या नागपूरला गेल्या. यादी त्यांनीच लिहिली, 118 नग. टेबलाचा पाय अजून डगमगतोच.

नावातल्या त्या एका अक्षरामुळे त्याची गिऱ्हाइकं आजही आम्हाला फोन करतात. परवा एक बाई चिडून विचारत होत्या, आमचा मिक्सर कुठे गेला? यादी आहे का, मी विचारलं. नव्हती. मग त्याचा नंबर दिला.