सगळे गप्प असताना

धैर्य म्हटले की डोळ्यांसमोर रणांगण येते, नाहीतर आगीत उडी घेणारा माणूस येतो. त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. मात्र तशी वेळ बहुतेकांच्या वाट्याला उभ्या आयुष्यात येत नाही. आपल्या वाट्याला वारंवार येते ती वेळ फार साधी असते: चारचौघांत कोणीतरी चुकीचे किंवा अन्यायाचे बोलते, ते चुकीचे आहे हे जवळपास प्रत्येकाला कळते, आणि तरीही सगळे गप्प बसतात. ही शांतता मोडण्यासाठी जे लागते त्याविषयी मला लिहायचे आहे, कारण त्याची गणना आपण धैर्यात करत नाही आणि म्हणून त्याची तयारीही करत नाही.

असा प्रसंग जवळून पाहावा. बैठक चालू आहे. काम रखडल्याचे खापर वरिष्ठ एका सहकाऱ्यावर फोडतात, आणि तो नेमका त्या दिवशी हजर नाही. मंजुरीच उशिरा मिळाली होती, त्यात त्याचा काही दोष नव्हता, हे खोलीतल्या तिघाचौघांना पक्के ठाऊक आहे. त्यांपैकी एक जण वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारू लागतो, दुसरा फोनमध्ये डोके खुपसतो, तिसऱ्याला एकाएकी तहान लागते. चौथीच्या घशाला कोरड पडते, छाती धडधडू लागते. तिच्या मनात वाक्य तयार असते: ‘सर, त्या कामाची मंजुरीच उशिरा आली होती.’ ते उच्चारायला पाच सेकंदही लागणार नाहीत. तेवढ्यात विषय पुढे सरकतो, आणि आता बोलायचे तर मागे गेलेला विषय ओढून आणावा लागणार, म्हणजे अवघडलेपण दुप्पट झाले.

ती धडधड म्हणजे भित्रेपणा, असे मला मुळीच वाटत नाही. समोर हिंस्र प्राणी असो की नाराज झालेले वरिष्ठ, शरीर ॲड्रेनालिन हे संप्रेरक सोडून आपल्या परीने तयारीच करत असते. आणि भीतीच वाटत नसेल, तर धैर्याचा प्रश्नच येत नाही. मेंदूतील भीतीशी निगडित अमिग्डाला हा भाग एका दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका स्त्रीचा संशोधकांनी अनेक वर्षे अभ्यास केला. सापांसमोर ती घाबरली तर नाहीच, उलट त्यांना हात लावायला उत्सुक होती. तिला शूर म्हणता येत नाही. धोका ओळखून मागे सरणेच तिला कठीण झाले होते. म्हणून ज्याचे पाय लटपटतात आणि तरीही जो बोलतो, त्याचाच मला जास्त आदर वाटतो.

गप्प बसण्याचा मोह किती बळकट असतो, हे 1950च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याने लोकांना रेषांची लांबी ताडून पाहायला सांगितले. उत्तर इतके उघड होते की एकट्याने सोडवताना जवळजवळ कोणीच चुकत नसे. पण आधी ठरवून बसवलेले बाकीचे सगळे जण एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले, की खऱ्या सहभागी व्यक्तींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या गटाच्या मागे जात. मला यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. गटातल्या एकाच माणसाने बरोबर उत्तर दिले, तर हे मागे जाणे आधीच्या जवळपास एक चतुर्थांशावर येई. इतकेच काय, त्या एकाचे उत्तर निराळे पण चुकीचे असले, तरीही इतरांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे सोपे जाई.

1968मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी खोलीत धूर सोडून पाहिला. एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्के लोकांनी बाहेर जाऊन तो कळवला. शेजारी दोन जण मख्खपणे बसून राहिले, तेव्हा केवळ 10 टक्के उठले. न उठलेल्यांनी धुराला वाफ किंवा आणखी काही ठरवून स्वतःची समजूत घातली होती. इतरांचे निर्विकार चेहरे पाहून आपण आपली शंकाच मोडीत काढतो, आणि आपला निर्विकार चेहरा पाहून शेजारीही तेच करत असतो.

म्हणूनच पहिल्या आवाजाइतकेच मोल मी दुसऱ्या आवाजाला देते. कोणी धीर करून बोलले, की बैठक संपल्यावर बाजूला घेऊन ‘अगदी बरोबर बोललात’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते मनापासून म्हणत असतात याविषयी शंका नाही, पण हेच चार शब्द खोलीत, सर्वांसमोर हवे होते. ‘मलाही तसेच वाटते’ एवढे म्हटले तरी पहिला माणूस एकाकी राहत नाही आणि त्याचे बोलणे हट्टी माणसाचा त्रागा ठरत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे मांडली पाहिजे. बोलण्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. ज्याचे घर त्या एका पगारावर चालते, जो कालच रुजू झाला आहे, त्याच्या गप्प राहण्याला भ्याडपणा म्हणणे मला क्रूर वाटते. ॲरिस्टॉटलने धैर्याला भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधले स्थान दिले, आणि ते मधले स्थान प्रत्येकाच्या परिस्थितीनुसार बदलते. पण याचाच अर्थ असा की ज्यांचे फारसे नुकसान होणार नाही, ज्यांची नोकरी पक्की आहे, वय वाढलेले आहे, शब्दाला वजन आहे, त्यांनी आधी बोलले पाहिजे.

आणि जे खुर्चीत बसतात त्यांच्या हातात तर आणखी सोपा उपाय आहे. आपले मत शेवटी सांगावे, सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला प्रथम विचारावे, आणि विषय नाजूक असेल तर प्रत्येकाचे म्हणणे आधी कागदावर लिहून घ्यावे. ॲशच्या प्रयोगातही, जेव्हा उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहिण्याची मुभा मिळाली, तेव्हा गटाच्या मागे जाणाऱ्यांची संख्या बरीच कमी झाली होती.